गाडी वाचवायची की घराचं दार?

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने विचारलं, "गोल्फ आरला कुठला ट्रॅकर बसवलायस रे, मी पण ऑडी एस३ बघतोय", आणि मी उत्तर टाइप करायला घेतलं तर ते इतकं लांबत गेलं की म्हटलं हे ग्रुपवर टाकलं तर उरलेसुरले पण मला म्यूट करतील, त्यापेक्षा ब्लॉगवर लिहू. थोडक्यात सांगायचं तर ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र, सगळ्यात शेवटी घ्या. ट्रॅकर गाडी चोरीला गेल्यावर कामाला लागतो, आणि मला त्याच्या आधीच्या रात्रीची काळजी जास्त आहे.

आम्ही राहतो इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत. गाडी फोक्सवॅगनची गोल्फ आर, २०१८ ची आहे, साडेसात म्हणतात त्या पिढीतली, दोन लिटर टर्बो, ३१० पीएस, चारही चाकांना पॉवर. बाहेरून बघितलं तर मागचे चार सायलेन्सरचे पाईप सोडून कुठल्याही साध्या गोल्फसारखीच दिसते आणि मी ती घेतली ती पण त्याचसाठी, उगाच बोंबलत फिरणारी गाडी मला नको होती. पण चोरांना पण ती ह्याच कारणासाठी आवडते. सुसाट पळते, ट्रॅफिकमध्ये मिसळून जाते, त्यामुळे अशा गाड्या चोरून त्या दुसऱ्या चोऱ्यांना वापरायच्या हा इथला जुना धंदा आहे, आणि ते नाही केलं तरी हेडलाइट, बंपर, सीट, गिअरबॉक्स सुटे करून विकले तरी भरपूर पैसे. म्हणजे चोराचं माझ्याशी काही वैर नाही, त्याच्याकडे मॉडेलची ऑर्डर असते आणि तो गल्ल्या फिरून ते मॉडेल शोधत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं समजायला सोपं जातं, कारण मग आपलं काम एवढंच उरतं की ह्या माणसाने आपल्या दारावरून जाताना गाडी बघावी आणि "जाऊ दे, दुसरी बघू" म्हणून पुढे जावं. हो, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी जाणार. त्याला माझा इलाज नाही.

बाबा सांगलीहून आले की पहिला प्रश्न असतो, "अरे एवढी महागाची गाडी आणि घराला कंपाउंड नाही, गेट नाही, हे कसलं घर?" आणि खरंच आहे ते, आपल्याकडे बंगला बांधायच्या आधी कंपाउंडची भिंत येते, फ्लॅट असेल तर गेटवर वॉचमन असतो, तो झोपलेला का असेना पण असतो. इथे उपनगरात लोकांनी घरासमोरची छोटी बाग आणि भिंत पाडून तिथे गाड्या लावायला जागा केलीय, म्हणजे फूटपाथवरून चार पावलं टाकली की कुणीही थेट गाडीच्या दाराशी. बरं गेट बसवायचं तर रस्त्याच्या कडेला १ मीटरपेक्षा उंच गेट किंवा भिंत असेल तर प्लॅनिंग परमिशन लागते, आणि १ मीटरचं गेट आमच्या बाबांच्या पण कमरेएवढंच. गॅरेज आहे, पण जुनं, अरुंद, गाडी आत घातली तर तिचं दार उघडणार नाही आणि मला खिडकीतून निघावं लागेल, आणि तसंही त्यात गणपतीचं मखर, दोन सायकली आणि बायकोने टाकू न दिलेले सगळे खोके आहेत. इथल्या बहुतेकांच्या गॅरेजची हीच गत आहे.

आता गाडी जाते कशी ते. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो रिलेचा प्रकार. कीलेस, म्हणजे चावी खिशातच ठेवून उघडणारी गाडी असेल तर तुम्ही हँडलला हात लावला की गाडी एक बारीक सिग्नल सोडते, लो फ्रिक्वेन्सीचा, बऱ्याचदा १२५ किलोहर्ट्झ, जो मीटर-दोन मीटरच जातो. खिशातली चावी तो ऐकते आणि वेगळ्या, जास्त फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते, ते उत्तर बरंच लांब जातं. सगळी सिक्युरिटी ह्या गृहीतावर उभी आहे की चावीने गाडीचं ऐकलं म्हणजे चावी गाडीजवळच आहे. चोर दोघं येतात, एक गाडीपाशी यंत्र घेऊन उभा, दुसरा घराच्या दाराशी अँटेना घेऊन, आणि दोघं मिळून निरोप्याचं काम करतात, गाडीचा निरोप आत चावीपर्यंत आणि चावीचा निरोप परत गाडीपर्यंत. कोड फोडायची गरजच नाही, कितीही भारी एन्क्रिप्शन असू दे. दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन चालू. आणि एकदा चालू झालं की चावी लांब गेली म्हणून ते बंद पडत नाही, कारण हायवेवर चावीची बॅटरी संपली आणि गाडी बंद पडली तर माणसं मरतील, म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं असतं. डॅशबोर्डवर "चावी सापडत नाही" असं येतं फक्त. चोराला काय फरक पडतो.

हे काही काल-परवा कळलेलं नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हा प्रयोग करून दाखवला होता, आणि दहाच्या दहा गाड्या उघडल्या. २०११! त्यानंतर किती वर्षं कंपन्या तेच विकत राहिल्या आणि आपण "कम्फर्ट पॅक" म्हणून त्याचेच जास्तीचे पैसे मोजत राहिलो ह्याचा विचार केला की डोकं फिरतं. फोर्डने २०१९ मध्ये फिएस्टा आणि फोकसची चावी अशी केली की ४० सेकंद हलली नाही तर ती झोपते, उत्तरच देत नाही. इतका साधा उपाय. आता बऱ्याच नव्या गाड्यांच्या चाव्यांत हे असतं, काहींत अल्ट्रा वाइडबँड असतं जे सिग्नलला यायला जायला किती वेळ लागला त्यावरून चावी खरंच किती लांब आहे ते मोजतं. पण आपण सेकंडहँड परफॉर्मन्स कार घेणारी माणसं, आपल्या वाट्याला नेमकी मधली पिढी येते.

ह्याच्यावर उपाय म्हणजे फॅराडे पाऊच, चावीचा सिग्नल अडवणारी पिशवी. दहा-पंधरा पौंडात मिळतो आणि घेतलाच पाहिजे, पण तीन गोष्टी सांगतो. एक, स्पेअर चावी. लोक रोजची चावी पाऊचमध्ये ठेवतात आणि स्पेअर ड्रॉवरमध्ये मोकळी पडलेली असते, रिलेवाल्याला कुठलीही चावी चालते. दोन, पाऊचच्या आतलं अस्तर रोज उघडझाक करून घडीवर फाटतं आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा पाऊच हातात धरून गाडीला चिकटून उभं राहायचं आणि हँडल ओढायचं, उघडली तर पाऊच कचऱ्यात. तीन, स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा. हा प्रश्न मला प्रत्येक मराठी माणसाने विचारलाय. आमच्याकडे मी सगळे डबे लावून बघितले, ज्याचं झाकण घट्ट दाबून बसतं त्याच्यात गाडी उघडली नाही आणि ज्याचं ढिलं आहे त्याच्यात उघडली, म्हणजे डब्यावर अवलंबून आहे, टेस्ट केल्याशिवाय भरवसा ठेवू नका. बायकोचं म्हणणं असं की टेस्टमध्ये पास झालेला डबा नेमका चकलीचा होता आणि तो तिला परत पाहिजे. शेवटी लाकडी खोक्यासारखा दिसणारा फॅराडे बॉक्स आणला, दोन्ही चाव्या त्यात.

त्याहून सोपं म्हणजे कीलेस बंदच करून टाकणं. बऱ्याच गाड्यांत मेनूमधून होतं, काहींत चावीवरच होतं, उदाहरणार्थ टोयोटाच्या बऱ्याच चाव्यांवर लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी झोपी जाते. आपापल्या गाडीचं मॅन्युअल उघडा, कोणी उघडत नाही ते. खिशातून चावी काढून बटण दाबायला आपल्याला इतका कसला त्रास होतो ते मला आजवर कळलेलं नाही.

पण रिले हा एकच रस्ता नाही. इयन टेबर म्हणून गाड्यांच्या सायबर सिक्युरिटीतला एक माणूस आहे, म्हणजे ज्याचं कामच हे आहे, त्याची टोयोटा रॅव्ह४ जुलै २०२२ मध्ये लंडनमध्ये घरासमोरून गेली. त्याच्या आधी त्याच्या गाडीचा बंपर कुणीतरी खेचून हेडलाइटच्या वायरी ओढलेल्या होत्या, त्याला वाटलं पोरांनी मस्ती केली. नंतर गाडीने कंपनीच्या ॲपकडे पाठवलेले एरर कोड बघून त्याच्या लक्षात आलं की चोर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये, म्हणजे कॅन बसमध्ये शिरले होते आणि "चावी बरोबर आहे, दार उघड" असा खोटा मेसेज घुसवत होते. चावी घरात पाऊचमध्ये असो, डब्यात असो, नाहीतर सांगलीत असो, काही संबंध नाही. त्याने मग तसलं यंत्र विकत घेऊन उघडून बघितलं, ते ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात बसवलेलं होतं, म्हणजे पोलिसांनी अडवलं तर गाणी ऐकतोय म्हणायला मोकळे. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच क्षेत्रातल्या केन टिंडेलने हे सगळं तांत्रिक तपशिलासकट लिहून बाहेर आणलं आणि तेव्हापासून मी पाऊचवर विसंबणं सोडलं.

मग ओबीडी पोर्ट आहे, स्टिअरिंगखाली. मेकॅनिक जिथे लॅपटॉप लावतो तीच जागा, आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्याला पण गाडी दुरुस्त करता यावी म्हणून ती उघडीच असते, जे बरोबरच आहे. पण त्यामुळे दार उघडलं की काही गाड्यांना तिथून कोरी चावी शिकवता येते. त्याला लोखंडी कुलूप मिळतं, ओबीडी लॉक.

एक गंमत सांगतो, आमच्यापासून अर्ध्या तासावर बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या फ्लाव्हियो गार्सिया आणि नेदरलँड्समधल्या दोघांनी मेगामॉस क्रिप्टो नावाच्या इमोबिलायझर चिपमधली (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चिप) खोट शोधली, जी चिप फोक्सवॅगन ग्रुपच्या कितीतरी गाड्यांत होती. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या हायकोर्टातून त्यांचा पेपर छापण्यावर मनाई आणली. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून तो छापला गेला. एका वाक्यासाठी दोन वर्षं! कंपनीचं पण बरोबर असेल एका बाजूने, रस्त्यावरच्या लाखो गाड्यांची चिप बदलता येत नाही, पण मालक म्हणून मला हे माहीत असायला नको का की माझ्या गाडीचं कुलूप कच्चं आहे?

असो. ह्या सगळ्यांवर एक उत्तर आहे आणि ते माझ्या गाडीत आहे, कॅन बसवर बसणारा पिनवाला इमोबिलायझर. ह्यात ऑटोवॉच घोस्ट सगळ्यात जास्त चालतो, बसवून पाच-एकशे पौंड. वेगळा रिमोट नाही, लाइट नाही, आवाज नाही. गाडीतलीच बटणं, म्हणजे स्टिअरिंगवरची, खिडकीची, एसीची, तुम्ही ठरवलेल्या क्रमाने दाबायची, मगच गाडी निघते. चावी खरी असली तरी पिनशिवाय काही नाही. रिले करून आला, वायरीतून आला, ओबीडीतून नवीन चावी बनवली, तरी हा अडथळा वेगळा राहतो. गॅरेजला द्यायची असेल तर सर्व्हिस मोड असतो, तो लावून द्यायचा आणि घरी आल्यावर आठवणीने काढायचा. इन्शुरन्सला कळवायचं. बायकोला क्रम पाठ व्हायला वेळ लागला आणि त्या काळात मला ऑफिसात बरेच फोन आले, त्यातला संवाद इथे लिहिण्यासारखा नाही. उचलून ट्रकवर घातली तर अर्थातच हा काही करू शकत नाही.

तर इथपर्यंत आलो आणि मी खूश होतो. बाबांना कौतुकाने सगळं दाखवलं, बटणं दाबून गाडी चालू करून दाखवली. बाबा आयुष्यभर तालुक्याच्या बँकेत होते, तिजोरीच्या चाव्या सांभाळलेला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आता चोराला गाडी पाहिजे असेल तर त्याला तुझ्याकडेच यायला लागणार."

मी गप्पच. कारण ते अगदी खरं आहे. तुम्ही गाडी जितकी पक्की कराल तितकं चोराला चावीची आणि चावीवाल्या माणसाची गरज जास्त. इथे चावीसाठी घर फोडणं हा वेगळाच गुन्हा म्हणून ओळखला जातो, पोलिस त्याला हॅनोई बर्गलरी म्हणतात, टीव्ही नको, दागिने नकोत, खालच्या मजल्यावर शिरायचं, चावी शोधायची, गाडी घेऊन जायचं. आणि आमच्याकडे बाबा आले की खालीच झोपतात, गुडघ्यांमुळे जिना नको म्हणून.

मग घरात वाद सुरू झाला की चावी रात्री ठेवायची कुठे. मी म्हटलं वर, आपल्या खोलीत. बायको म्हणाली, "वर ठेवली तर ते वर येतील ना, पोराच्या खोलीवरून." मग खाली ठेवायची? खाली बाबा. कॅनडात टोरंटोच्या एका पोलिसाने २०२४ मध्ये लोकांना सांगितलं होतं की चाव्या पाऊचमध्ये घालून दाराशीच ठेवा, म्हणजे चोर आत घुसून तुमच्यावर हल्ला करणार नाहीत, आणि त्यावर तिकडे प्रचंड बोंबाबोंब झाली, पोलिसच हात वर करतायत म्हणून. मला तेव्हा मी पण हसल्याचं आठवतं. पण स्वतःच्या घरात कोण कुठे झोपतं ह्याचा हिशोब घालायला लागलो तेव्हा तो पोलिस इतका पण वेडा वाटेना. आमचा निर्णय असा झाला की चाव्या खालीच, किचनमध्ये, बाहेरून दिसणार नाहीत अशा जागी पण शोधल्या तर सापडतील अशा, बाबांच्या खोलीपासून लांब. आणि कोणी आत आलंच तर गाडी घेऊन जा, पिन विचारला तर पिन पण सांगायचा. हे सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवलंय. ऑनलाइन काही शूरवीर असतात, बेडखाली बॅट ठेवणारे, त्यांना माझा नमस्कार.

पण खरं काम ह्याच्या आधीचं आहे, तो दारापर्यंत येऊच नये हे. आणि तिथे लपवलेली यंत्रं उपयोगाची नाहीत कारण ती त्याला दिसतच नाहीत, दिसत नाहीत म्हणून तो प्रयत्न करणार, आणि फसला की मग तो चावीकडे वळणार. म्हणून लांबून दिसणारी, कटकटीची वाटणारी गोष्ट पाहिजे. मी डिस्कलॉक लावतो, पूर्ण स्टिअरिंग झाकणारी पोलादी तबकडी, साध्या दांड्यासारखी नाही. दांड्याचं काय होतं की चोर कुलपाला हातच लावत नाही, स्टिअरिंगची रिंग कापतो आणि दांडा काढून टाकतो. तबकडीत रिंगच झाकली जाते, आणि तबकडी धरून फिरवायला गेलं तर ती नुसती गोल फिरते, स्टिअरिंग वळत नाही. अँगल ग्राइंडरने कापता येते पण रात्री दोन वाजता गल्लीत ग्राइंडर लावला तर सगळ्यांचे लाइट लागतात. साइज मोजून घ्या, स्टिअरिंगच्या व्यासावर तीन साइज येतात, आणि खालून चपटं स्टिअरिंग असेल तर आधी लावून बघा. जड आहे, रोज काढायचा घालायचा कंटाळा येतो, तरी लावायचाच. मित्र म्हणतात गाडी एवढी मॉडर्न आणि कुलूप नव्वद सालातलं. तेच तर पाहिजे, लॅपटॉपने न उघडणारं.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. आमच्याकडे बायकोची जुनी होंडा जॅझ आहे, ती रात्री मागे आडवी. गोल्फ आर काढायची तर आधी जॅझ हलवायला लागते. सकाळी मला लवकर निघायचं असेल तर पायजम्यावर बाहेर येऊन दोन गाड्या मागेपुढे करायला लागतात, शेजारी बघत असतात, बघू देत. जॅझ कोणी चोरत नाही (तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र चोरतात, हायब्रिड असेल तर जास्तच, तो वेगळा विषय). एकच गाडी असेल तर बोलार्ड, म्हणजे जमिनीत गाडलेला लोखंडी खांब जो वर काढून कुलूप लावता येतो. नुसता बोल्टने फरशीवर बसवलेला घेऊ नका, खाली काँक्रीटचा खड्डा पाहिजे नाहीतर पहारीने उपटला जातो. आणि जो जमिनीत खाली जातो त्याच्या तळाला पाण्याचा निचरा नसेल तर हिवाळ्यात पाणी गोठून खांब आत अडकतो.

आणि घराचं दार! परफॉर्मन्स कारवाले एक्झॉस्टवर हजार पौंड घालवतात आणि दाराच्या कुलपाला बिल्डरने बसवलेलं सगळ्यात स्वस्त सिलिंडर असतं, म्हणजे चावी जाते तो भाग. इथल्या यूपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच्या दारांना जे युरो सिलिंडर असतं ते दाराबाहेर जरा जास्त डोकावत असेल तर पकडीने धरून मोडता येतं, मधल्या स्क्रूच्या भोकापाशी ते सगळ्यात बारीक असतं आणि तिथेच तुटतं, मग स्क्रूड्रायव्हरने कुलूप फिरवायचं. मिनिटसुद्धा लागत नाही. टीएस ००७ थ्री स्टार किंवा सोल्ड सिक्युअर डायमंड लिहिलेलं सिलिंडर घ्या, पन्नास-साठ पौंड, एक स्क्रू काढून स्वतः बदलता येतं. आणि दार नुसतं ढकलून लावलं की लॉक झालं असं नसतं, हँडल वर उचलून चावी फिरवली तरच वरखालचे हुक बसतात, आमच्या बाबांना हे अजून पटलेलं नाही. पत्र टाकायची फट पण बघा, तिच्यातून हुक लावलेली काठी घालून आतल्या टेबलावरच्या चाव्या ओढतात, आतून पिंजरा बसवा नाहीतर टेबल हलवा.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आहेत आमच्याकडे, पण हूडी घातलेल्या दोघांचा स्पष्ट एचडी व्हिडिओ मिळून माझी गाडी परत येत नाही. वायफायवाले असतील तर जॅमरने बंद पडतात, त्यामुळे बसवायचेच तर वायरचे. आणि कॅमेऱ्यात तुमच्या हद्दीबाहेरचा रस्ता किंवा शेजाऱ्याचं घर येत असेल तर डेटा प्रोटेक्शनचा कायदा तुम्हाला लागू होतो, ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात एका शेजारणीने डोअरबेल कॅमेऱ्यावरून केस जिंकली होती, तेव्हा कोन नीट लावा. हालचाल झाली की पेटणारा लाइट मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

जॅमर आणि रिलेची यंत्रं बाळगणं हाच गुन्हा करायचा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, अशी तरतूद सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या क्राइम अँड पोलिसिंग बिलात होती. त्यावेळी सरकारनेच सांगितलं की इंग्लंड-वेल्समधल्या साधारण ४०% वाहनचोऱ्यांत असली यंत्रं वापरली जातात, लंडनमध्ये तर पोलिसांचा अंदाज ६०%. तोवर पकडलेला माणूस हे चोरीसाठीच नेत होता हे पोलिसांना सिद्ध करायला लागायचं. चांगलं पाऊल आहे, फक्त मी त्याच्या भरवशावर डिस्कलॉक काढणार नाही.

आता थोडं आपल्या लोकांसाठी. दसऱ्याला आपण गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, बोनेटवर स्वस्तिक काढून फोटो काढतो आणि फेसबुकवर टाकतो. फोटोत नंबरप्लेट असते, मागे घराचा नंबर असतो, कधीकधी गल्लीच्या नावाची पाटी पण असते. चाकाखालच्या लिंबाने जी काय दृष्ट निघते ती ह्या फोटोने दुप्पट लागते. पूजा करा, फोटो काढा, फक्त प्लेट झाका आणि फोटो मागे घर येईल असा न घेता गार्डनच्या बाजूने घ्या. गाडी विकायची जाहिरात देताना पण तेच, फोटो सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये काढायचे. आणि कार मीटवरून, म्हणजे गाड्यांच्या शौकिनांच्या मेळाव्यातून परत येताना मागे एकच गाडी बराच वेळ दिसत असेल तर सरळ घरी वळू नका, पेट्रोल पंपावर थांबा.

थंडीतला एक प्रकार तर अगदी हमखास. सकाळी काचेवर बर्फ, इंजिन चालू करून हीटर लावायचा आणि चहा प्यायला आत जायचं. चोर ह्यासाठीच सकाळी गल्ल्या फिरतात, त्यांना ना रिले लागतो ना वायर. पिन पण तुम्हीच आधी टाकलेला असतो. आणि चावी गाडीत असताना गेली तर बहुतेक इन्शुरन्स पॉलिसी पैसे देत नाहीत, कलम वाचून बघा. रस्त्यावर गाडी अशी चालू सोडून जाणं तर गुन्हाच आहे, स्वतःच्या ड्राइव्हवेवर नाही एवढंच. खरवडायची पट्टी आणि स्प्रे घ्या, पाच मिनिटं बाहेर उभे राहा.

राहिला ट्रॅकर. थॅचम म्हणून गाड्यांची सिक्युरिटी तपासणारी इथली संस्था आहे, तिच्या वर्गवारीत २०१९ पासून एस७ आणि एस५ असे दोन प्रकार आहेत. एस७ नुसतं ठिकाण सांगतो, एस५ मध्ये ड्रायव्हरकडे वेगळा टॅग असतो, टॅगशिवाय गाडी हलली तर कंट्रोल रूममधून तुम्हाला फोन येतो आणि चोरी पक्की झाली की गाडी परत सुरू होऊ नये असं करता येतं. महाग गाड्यांना इन्शुरन्सवाले एस५ सक्तीचा करतात, मग काय घ्यावाच लागतो, वर दरवर्षीची फी. चोरांना पण ट्रॅकर माहीत असतात, म्हणून चोरलेली गाडी एक-दोन दिवस कुठल्यातरी शांत गल्लीत नुसती लावून ठेवतात, कोणी न्यायला आलं नाही तर मग हलवतात. ह्या एक-दोन दिवसांतच ट्रॅकरची किंमत वसूल होते. जीपीएस जॅम करता येतं, आणि गाडी कंटेनरमध्ये गेली की आकाश दिसत नाही, तिथे व्हीएचएफ रेडिओवर चालणारे ट्रॅकर जास्त उपयोगी पडतात. टॅग चावीच्याच जुडग्यात अडकवू नका, म्हणजे झालं.

तर एस३ वाल्या मित्रा, तुझ्यासाठी क्रम असा: आधी दाराचं सिलिंडर, मग डिस्कलॉक आणि पाऊच, मग पिनवाला इमोबिलायझर, उरले पैसे तर बोलार्ड, आणि इन्शुरन्सने मागितला तरच ट्रॅकर. सिलिंडर मागवायच्या आधी मधल्या स्क्रूपासून आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी मोजून घे, ३५-४५ असले आकडे असतात, आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत असं धरून चालू नकोस. बाहेरून हँडलच्या पट्टीच्या पुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त यायला नको.